गोड गळ्याची सत्ता आणि हेवी मेटलचा आवाज

मराठी समीक्षेने शब्दाचा विचार पुष्कळ केला. प्रतिमेचा केला, वृत्ताचा केला; दलित कविता आली तेव्हा, उशिरा आणि नाखुशीने का होईना, अनुभवाचा आणि बांधिलकीचाही केला. परंतु शब्द ज्या गळ्यातून बाहेर पडतो त्या गळ्याचा विचार तिने कधी आपला मानला नाही. तो तिने संगीताच्या जाणकारांकडे सोपविला, आणि त्यांच्याकडे उत्तर आधीपासूनच तयार होते: आवाज गोड असावा, निकोप असावा, घासूनपुसून लख्ख केलेला असावा. घोगरा, फाटका, खरखरीत गळा हा त्यांच्या लेखी कच्चा माल. फार तर 'लोक' हे विशेषण लावून त्याला ओसरीवर बसवायचे. माजघरात त्याला प्रवेश नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा 'ही कविता आहे काय?' असे विचारणारे थोडे नव्हते. साहित्यात त्या प्रश्नाला आपण उत्तर दिले. बाबुराव बागुलांपासून शरद पाटील, शरणकुमार लिंबाळे यांच्यापर्यंत अनेकांनी ते निरनिराळ्या बाजूंनी मांडले. गळ्याच्या बाबतीत मात्र आपण अजूनही प्रस्थापितांचे कान लावून बसलो आहोत. आणि हे मला जाणवले ते एका अगदी परक्या संगीतामुळे.

ते संगीत म्हणजे हेवी मेटल. जवाहरनगरात राहणाऱ्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने हे का ऐकावे, असे वाचक विचारतील. माझा भाचा नागपूरला अभियांत्रिकीला आहे. सुटीत येतो तेव्हा त्याच्या खोलीतून जो आवाज येतो त्याला आमच्या शेजारच्या काकाजींनी 'हे का कुत्र्यावानी भुकणं लावलं बापा' असे नाव ठेवले. भाच्याच्या मित्रांनीही त्याला ऐकवले की हे आपले नव्हे, हे इंग्रजी शाळेतल्या श्रीमंत पोरांचे. मला पहिल्या शेऱ्यापेक्षा दुसरा शेरा अधिक गंभीर वाटला. कोणते संगीत कोणाचे, हे ठरविण्याचा धंदा या देशात फार जुना आहे आणि तो आपण पुढे चालवावा असे काही कारण नाही. मी त्याच्याजवळ बसलो. शब्द काही कळेनात. तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, शब्द नोका पकडू. पहिले गळा आयका. गळा बी एक वाद्यच हाय समजा." ही सूचना साधी आहे, परंतु शब्दावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती पाळायला दोन उन्हाळे लागले.

दुसरे कारण गावाचे. जवाहरनगर ही दारूगोळ्याच्या कारखान्याची वसाहत. नागपूर-भंडारा महामार्गालगत साठच्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना आधी आयुध निर्माणी मंडळाकडे होता, २०२१पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. येथली घरे त्याच्यावर जगली, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी त्याच कारखान्यातल्या स्फोटात आठ माणसे गेली. अशा गावात राहणाऱ्याला हेवी मेटलच्या जन्माची हकिगत परकी वाटत नाही. बर्मिंगहॅम हे इंग्लंडातले लोखंडी कारखान्यांचे शहर. तेथल्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतल्या चार पोरांनी १९६८ साली एक मेळ जमविला. पुढे त्याचे नाव 'ब्लॅक सॅबथ' झाले. गाणारा ऑझी ऑस्बर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. गिटार वाजविणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटेच गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, तारा हलक्या घेतल्या, आणि पुढे बोटांना ताण कमी पडावा म्हणून तारा सैल उतरवून लावल्या. १९७१ सालच्या तिसऱ्या तबकडीत हा उतरलेला स्वर स्पष्ट ऐकू येतो. ज्याला आज सारे जग 'हेवी' म्हणते त्या जडपणाचा एक मोठा वाटा अशा रीतीने एका कामगाराच्या जखमेतून आला आहे. अभिजनांच्या सौंदर्यशास्त्रात या गोष्टीला जागा नाही. आपल्या सौंदर्यशास्त्रात असली पाहिजे.

त्यांच्या पहिल्या तबकडीचे (फेब्रुवारी १९७०) पहिले गाणे पाऊस, विजा आणि घंटा यांच्या आवाजाने सुरू होते आणि मग गिटार तीनच स्वर वाजविते: षड्ज, त्याचा वरचा षड्ज, आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील हे अंतर युरोपात सैतानाचे म्हणून बदनाम आहे. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात येतो आणि संध्याकाळच्या मैफलीत रसिक त्याला दाद देतात. स्वर तोच. एका घरात तो सैतान, दुसऱ्या घरात मंगल. स्वराच्या अंगी विटाळ नसतो, तो घरवाल्यांच्या डोक्यात असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. परंतु संगीतात त्याचा इतका उघडा पुरावा मिळेल असे मला वाटले नव्हते.

त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या दुसऱ्या तबकडीत युद्धाविरुद्धचे एक गाणे आहे. सेनापती आणि राजकारणी युद्ध पुकारतात आणि मरायला गरिबांना पुढे करतात, असा त्याचा आशय. दारूगोळ्यावर ज्याची चूल पेटते त्या वस्तीत बसून हे गाणे ऐकणे हा एक विचित्र अनुभव आहे. त्यावर मी येथे अधिक लिहीत नाही. येथला कामगार युद्धखोर नाही. तो नोकरदार आहे, आणि त्याच्यापुढे निवड करायला दुसरे काही ठेवलेले नव्हते.

आता गळ्याकडे. ऑस्बर्नचा आवाज पातळ, नाकातला, काहीसा रडवा. त्याला कोणताही उस्ताद नापास करील. परंतु तो गिटारच्या सुरावळीला चिकटून तिच्यावरूनच चालतो, आणि त्या जड वाद्याखाली सापडलेल्या माणसाची हाक वाटतो. (ऑस्बर्न २२ जुलै २०२५ रोजी वारला, त्याच्या सतराच दिवस आधी, ५ जुलैला, त्याच अ‍ॅस्टनमधल्या मैदानावर त्याने शेवटचे गाणे म्हटले होते. दुखण्यामुळे तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला.) त्यानंतर 'जुडास प्रीस्ट'चा रॉब हॅलफर्ड, हाही त्याच लोखंडी पट्ट्यातला. त्याचा आवाज उंच चढतो आणि वर जाऊन धारदार होतो. १९८१ साली 'आयर्न मेडन'मध्ये आलेला ब्रूस डिकिन्सन याचा गळा भरदार, मैदान व्यापणारा. या दोघांना ऐकताना मला शिकायला काहीच लागले नाही, कारण हा गळा आपल्या ओळखीचा आहे. मराठीत त्याला शब्दही आहे: पहाडी आवाज. अमर शेखांचा तो होता. विठ्ठल उमपांचा होता, जे नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. ध्वनिक्षेपक नसलेल्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे ही या गळ्याची गरज होती, आणि गरजेतून त्याचे शास्त्र झाले. खडी गंमत पाहत वाढलेल्या आमच्या भंडाऱ्याच्या माणसाला डिकिन्सन हा झाडीतल्या एखाद्या तयारीच्या शाहिराचा लांबचा भाऊ वाटला तर नवल नाही.

अडचण यापुढे सुरू होते. 'मोटरहेड'चा लेमी ध्वनिक्षेपक डोक्याहून उंच बांधून, मान वर करून, खडी भरलेल्या गळ्याने गाई. त्याच्यानंतर गळा उत्तरोत्तर सूर सोडत गेला. अमेरिकेत १९८३पासून जो 'थ्रॅश' नावाचा प्रकार बोकाळला त्यात आवाज ओरडल्यासारखा, तुटक, ढोलाच्या वेगाला बांधलेला. फ्लॉरिडात चक शुल्डिनरच्या 'डेथ' या मेळाची पहिली तबकडी १९८७ साली आली. तेथून 'डेथ मेटल'चा खोल गुरगुरणारा गळा रूढ झाला. नॉर्वेत नव्वदीच्या आरंभी 'ब्लॅक मेटल'वाल्यांनी याच्या उलट केले: गळा वर नेऊन किंचाळीसारखा चिरका केला, आणि ध्वनिमुद्रण मुद्दाम हलक्या प्रतीचे ठेवले, जणू आवाज बर्फाच्या वादळातून येत आहे. 'डूम' नावाचा प्रकार सॅबथचा संथपणा आणखी संथ करतो. हे प्रकार कान शिकण्यासाठी उपयोगी आहेत. आधी संथ ऐकावे, मग वेगवान. आधी सूर असलेला गळा, मग सूर सोडलेला. एका बैठकीत एकच गाणे तीन वेळा, एकदा ढोलासाठी, एकदा गिटारसाठी, एकदा गळ्यासाठी. डफड्याच्या कडकडाटात ज्याचे बालपण गेले त्याला यांच्या ढोलाचा वेग फार दिवस त्रास देत नाही. परंतु या प्रकारांवरून त्यांचे भक्त जी भांडणे करतात, अमका अस्सल, तमका बाटलेला, ती वाचून मला आपल्याकडची पोटजातींची आठवण झाली. फरक इतकाच की तेथून माणसाला संध्याकाळी उठून दुसरीकडे जाता येते.

हा गुरगुरणारा गळा म्हणजे नुसते ओरडणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. शास्त्रात तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. नेहमीच्या बोलण्यात ती स्वस्थ असते. डेथ मेटलचा गायक ती हलवितो, श्वास पोटातून मोजून सोडतो, तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून आवाज खाली-वर करतो. हे तंत्र न शिकता जो ओरडेल त्याचा गळा बसेल. न्यूयॉर्कमध्ये मेलिसा क्रॉस नावाची शास्त्रोक्त शिक्षण घेतलेली शिक्षिका हेच शिकविते, आणि २००५ साली तिने त्याचा चित्रफितीवरचा पाठही काढला. म्हणजे येथे रियाज आहे, गुरू आहे, घराणी म्हणावी अशी वळणे आहेत. आणि ही गळ्याची करामत काही पाश्चात्त्यांची नाही. मध्य आशियातल्या तुवा प्रदेशाचे गायक याच घड्या वापरून खर्जाखालचा आवाज काढतात. तिबेटातल्या ग्यूतो परंपरेचे भिक्खू ज्या खोल गळ्याने पठण करतात तोही याच जातकुळीचा. जुन्या भंडारा जिल्ह्यात, आज गोंदियात मोडणाऱ्या गोठणगावजवळ, १९७२पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्यांच्या धर्मबांधवांचे पठण सारे जग पवित्र मानून ऐकते ते आपले शेजारी आहेत. आणि तोच गळा फाटक्या काळ्या सदऱ्यातला पोरगा काढतो तेव्हा ते कुत्र्याचे भुंकणे होते. गळ्याचे शास्त्र एकच असताना हा निवाडा कपड्यांवरून झाला.

स्त्रीच्या गळ्याविषयी तर हा निवाडा अधिकच कडक आहे. तिचा आवाज बारीक, उंच आणि विनातक्रार असावा, ही अपेक्षा चित्रपटसंगीताने घराघरांत नेऊन ठेवली. २००० साली 'आर्च एनिमी' या स्वीडिश मेळात अँजेला गॉसो ही जर्मन बाई गायला आली. तिचा गळा पुरुषांइतकाच खोल आणि करकरीत. ज्यांनी आधी नाव न वाचता ऐकले त्यांना ती बाई आहे हे कळलेच नाही. मला तिच्यामुळे कडुबाई खरातांच्या एकतारीवरच्या गळ्याकडे पुन्हा वळावेसे वाटले. आपण त्यांच्या गाण्याची स्तुती करतो तेव्हा त्यांच्या गरिबीची आणि भीमभक्तीची करतो. त्या गळ्याची खर, उन्हात भाजलेला त्याचा पोत, हे एक कलामूल्य आहे असे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. दयेने दिलेली दाद ही दाद नव्हे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. आंबेडकरी गाण्याचा प्राण शब्द आहे. भीमराव कर्डकांचा जलसा असो, वामनदादांचे गीत असो, नागपूरच्या नागोराव पाटणकरांची कव्वाली असो, निरक्षर माणसाच्या कानापर्यंत विचार पोचविणे हे त्याचे कार्य होते. शब्द कळलाच नाही तर गाणे फुकट. मग ज्या गळ्यात शब्दच विरघळतो तो आपल्या काय कामाचा? यावर मला दोन गोष्टी सुचतात. एक, या संगीताचे श्रोते शब्द छापील वाचतात. तबकडीबरोबर आलेला कागद हातात धरून ऐकण्याची त्यांची रीत आहे; भाचाही मोबाईलवर शब्द उघडून बसतो. म्हणजे हा श्रोता वाचकही आहे, आणि वाचक घडविणे हे आपल्या चळवळीला नकोसे असण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सगळी वेदना शब्दात आलेली नसते. खैरलांजी आपल्याच जिल्ह्यातले गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे काय घडले यावर किती लिहिले गेले, किती बोलले गेले. तरी ज्याला शब्द पुरले असे एकही लिखाण मला आठवत नाही. शब्दाच्या आधीचा आवाज ज्या कलेत आहे तिला हाकलून देण्याची चैन आपल्याला परवडणार नाही.

परंतु म्हणून आवाज झाला की विद्रोह झाला, असे मी म्हणणार नाही. या संगीताच्या प्रेमात पडलेले लोक ते म्हणतात आणि तेथे माझे त्यांच्याशी पटत नाही. 'स्लेअर' या मेळाचे १९८६ सालचे एक प्रसिद्ध गाणे नाझी छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याच्या क्रौर्यावर आहे. गाण्याच्या आरंभीची किंकाळी अंगावर काटा आणते. पुढे छळाचे तपशील येतात, एकामागून एक. पण हे गाणे कोणाच्या बाजूने उभे आहे, हे गाणे स्वतः सांगत नाही. अत्याचाराचे वर्णन आणि अत्याचाराविरुद्धची भूमिका यांतला फरक दलित साहित्याच्या वाचकाला नवा नाही. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी तर धर्मसत्तेला नकार दिल्याचा दावा केला. १९९२पासून तेथे जुनी लाकडी चर्चे जाळली गेली. वर्ग विकर्नेस या त्यांच्यातल्या एका नावाजलेल्या वादकाला १९९४ साली एका सहकाऱ्याच्या खुनाबद्दल आणि जाळपोळीबद्दल शिक्षा झाली, आणि पुढे तो उघड वंशवाद लिहू लागला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती भर परिषदेत, ठराव करून, कारणे सांगून. त्या आगीला पत्ता होता. रात्री लपून लावलेल्या आगीला तो नव्हता, म्हणून ती फिरून दुबळ्यांच्याच अंगणात आली.

आणखी एक विस्मरण. हे संगीत ब्लूजमधून निघाले. सॅबथची पोरे आरंभी ब्लूजच वाजवीत. आणि ब्लूज हे अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचे गाणे. मिसिसिपीत १९१० साली जन्मलेल्या हाउलिन वुल्फ या शेतमजूर गायकाचा गुरगुरता गळा ऐकावा; मेटलच्या गळ्याचा आजा तेथे भेटतो. पण मेटलचे गोरे भक्त आपली वंशावळ सांगताना या आजोबांना बहुधा वगळतात. १९९२ साली आइस-टी आणि त्याच्या 'बॉडी काउंट' या काळ्या मेळाने पोलिसी अत्याचारावर गाणे केले तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब झाला! गोरा गळा सैतानाच्या नावाने ओरडला तर मौज, आणि काळा गळा पोलिसाच्या नावाने ओरडला तर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न.

याच परंपरेत पत्ता असलेला रागही आहे, हे नमूद केले पाहिजे. बर्मिंगहॅमजवळच्याच एका खेड्यातून निघालेल्या 'नेपाम डेथ'ने १९८७ सालच्या तबकडीत बहुराष्ट्रीय कंपन्यांवर टीका केली. त्यांचे एक गाणे सव्वा सेकंदाहून थोडेच मोठे आहे. जगातले सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेसच्या बुकात त्याची नोंद झाली. ऐकायला बसावे तो संपलेले असते. त्यात दुःखाचे कारण विचारले आहे, एवढेच. धम्म मानणाऱ्या माणसाने त्यावर हसू नये.

आता महाराष्ट्राकडे. मुंबईत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले कार्यक्रम थांबले. २००० साली साहिल मखिजाने 'डेमॉनिक रेझरेक्शन' हा मेळ काढला. 'भयानक मौत', 'गटस्लिट' अशी आणखी नावे आहेत. यांतले वादन कसदार आहे. मखिजाचा गळा तर मी पुनःपुन्हा ऐकला: खोल गुरगुर आणि स्वच्छ सूर या दोन्ही टोकांवर तो सहज जातो, आणि कारागिरीत तो कोठल्याही युरोपीय गायकाला हार जाणार नाही. २०१७ साली या मेळाची 'दशावतार' ही तबकडी आली. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण. नववे गाणे बुद्धाचे आणि दहावे कल्कीचे.

येथे माझा कान थांबला आणि डोके चालू झाले. ही यादी आपण आधी वाचलेली आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, आणि तिच्यात धोंडीबाशी संवाद करीत हेच अवतार एकेक करून तपासले. मत्स्य म्हणजे लहान चपळ नावांतून आलेली टोळी, कच्छ म्हणजे तिच्यामागून आलेली जड चालीची, नरसिंह म्हणजे कपट, वामन म्हणजे बळीराजाचे राज्य बुडविणारा, परशुराम म्हणजे क्षत्रियांचा संहार. इतिहास म्हणून या उलगड्यातले तपशील आज कोणी तपासावेत. पण पुराणकथा जिंकणाऱ्याने लिहिली आहे आणि हरलेल्याच्या बाजूने ती उलटी वाचता येते, ही दृष्टी जोतीरावांनी मराठीला दिली. मुंबईच्या या तबकडीला ती दृष्टी माहीतच नसावी. गळा राक्षसाचा आणि कथा देवांची. हिरण्यकश्यपूच्या गळ्याने नरसिंहाची आरती म्हणावी तसे हे झाले. आणि नवव्या गाण्याचे काय करायचे? येथून पन्नासेक किलोमीटरवर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतली पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याविरुद्ध आहे. आमच्या घरांतली मुले ती पाठ म्हणतात. नॉर्वेच्या पोरांनी निदान आपल्या घरच्या देवाशी भांडण काढले होते. आपल्याकडे मेटलने गळा आयात केला आणि भांडण बंदरावरच सोडून दिले.

मखिजावर अन्याय नको. 'डेमॉनस्टीलर' या नावाने त्याने २०२३ साली काढलेली तबकडी राजकीय प्रचारयंत्रणेवर आहे. म्हणजे राग आहे आणि पत्ताही सापडू लागला आहे. दोष एका माणसाचा नाही. मुंबईच्या या मेळांचा श्रोता बहुतेक इंग्रजी शिकलेला, वरच्या थरातला. त्याला पुराण ही आजीने सांगितलेली गोष्ट वाटते. कोणाच्या तरी आजीला त्या गोष्टीने गावाबाहेर ठेवले होते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते सांगायला तेथे आपला माणूस नव्हता, आणि आपला माणूस तेथे नव्हता याचे एक कारण आपणही त्याला 'हे आपले नव्हे' म्हणून परत बोलावले, हे आहे.

इतरत्र असे झालेले नाही. न्यूझीलंडच्या 'एलियन वेपनरी' या मेळातली पोरे माओरी भाषेत गातात. २०१८ सालच्या त्यांच्या पहिल्या तबकडीत १८६४च्या इंग्रजांविरुद्धच्या लढाईचे गाणे आहे, ज्या लढाईत त्यांचा पूर्वज पडला. ब्राझीलच्या 'सेपल्चुरा'ने १९९६ सालच्या तबकडीसाठी शावांते आदिवासींमध्ये जाऊन त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले. केरळात कण्णूरच्या 'द डाउन ट्रॉडन्स'ने मेटलमध्ये तेय्यमचे लोकसूर आणले; आणि तेय्यम अंगावर घेणारे बहुतेक खालच्या मानलेल्या जातींचे असतात. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने मेटल नव्हे पण गाना, रॅप आणि रॉक एकत्र आणून जातीचे नाव घेऊन गायले. मराठीत ठ, ढ, ण, ळ ही गळ्याला खाद्य देणारी अक्षरे आहेत, आणि झाडीबोलीला तर मुळातच खर आहे. हा गळा मराठीत न बसण्याचे एकही कारण मला सापडत नाही.

एक आडवी गोष्ट लिहितो, कारण तिच्याविना हा लेख परक्यांवरची टीका होऊन बसेल. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत आता डीजेच्या भिंती येतात. खिडक्यांची काच थरथरते. पण त्या भिंतीतून जो गळा येतो तो यंत्रावर घासून गुळगुळीत केलेला, चित्रपटाच्या चालीवर बसविलेला, उसासारखा गोड. आवाज मोठा आणि गळा मऊ! मेटल ऐकून मला जडपणा आणि मोठेपणा यांतला भेद कळला. सॅबथचे पहिले गाणे मोबाईलच्या लहानशा भोंग्यावर, हळू लावूनही जड वाटते. नागोराव पाटणकरांची जुनी, खरखरणारी ध्वनिफीत तशीच जड वाटते. मिरवणुकीतली भिंत जड वाटत नाही, नुसती मोठी वाटते, आणि तिच्याखाली वामनदादांचा शब्दही ऐकू येत नाही. शब्द बुडविल्याचा आरोप मग एकट्या मेटलवर का करायचा?

विलास घोगरे यांच्या गळ्यात जडपणा होता. रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७च्या गोळीबारानंतर चार दिवसांनी त्यांनी स्वतःला संपविले. त्यांचे ध्वनिमुद्रण भाच्याला ऐकविले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, हा गळा कोणत्या प्रकारात बसेल? मी म्हटले, तूच ठरव.

भाच्याचे तिघे मित्र सध्या वसतिगृहात गिटार आणि ढोल जमवीत आहेत. त्यांतला एक 'हे आपले नव्हे' म्हणणाऱ्यांपैकीच होता. त्यांना मी 'दशावतार' पूर्ण ऐकायला सांगितले, कारागिरी शिकण्यासाठी, आणि 'गुलामगिरी' दिली. वामनाच्या प्रकरणाशी त्यांनी खूण घालून ठेवली आहे. बळीला कोणता गळा द्यायचा, खोल की चिरका, यावर त्यांचे एकमत होत नाही. पुस्तक अजून परत आलेले नाही.